यास्मीनभाभींनी न पाहिलेली नाटकं

यास्मीनभाभींनी आमचं एकही नाटक कधी पाहिलं नाही, आणि आमचं प्रत्येक नाटक त्यांना तोंडपाठ होतं. हे वाचून कुणाला वाटेल की मी कोडं घालतोय. मला कोडी आवडत नाहीत. बुलडाणा जिल्ह्यातल्या धाड गावच्या बसस्टँडवर मी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. गाडी कुठली, कुठे जाणार, किती वाजता सुटणार, एवढं स्वच्छ सांगायचं आणि गप्प बसायचं, ही माझी सवय. म्हणून आधीच सांगून टाकतो. भाभी म्हणजे आमच्या गावच्या डॉक्टर गफ्फार देशमुखांची बायको. डॉक्टरांनी चौतीस वर्षं धाडात दवाखाना चालवला आणि त्यातली सव्वीस वर्षं आमच्या मंडळाच्या नाटकांत काम केलं. नाटकं बसवायचो मी.

लिहायला बसलो आहे ते गावाचं तोंड बंद करायला. गावाला वाटतं, डॉक्टरांना म्हातारपणी नाटकाचं याड लागलं आणि त्यापायी त्यांनी चालता दवाखाना बंद केला. याड लावणारा कोण, तर मी. कडूबाच्या टपरीवर चहाला गेलो की अजूनही कुणीतरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतं, "हेच ते, डॉक्टरले नादी लावणारे." माझा राग नाकावर असतो हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे. तरी दोन वर्षं मी हे गिळलं, कारण डॉक्टरांना तसा शब्द दिला होता. परवा भाभीच म्हणाल्या, "लिखो कंट्रोलरसाब. अब किससे छुपाना?"

डॉक्टर माझ्या नाटकात आले ते माझ्या घशामुळे. स्टँडवरचा भोंगा महिन्यातले वीस दिवस बिघडलेला असायचा आणि मी नुसत्या गळ्यानं गाड्या पुकारायचो. एकदा आवाज असा बसला की तोंडातून हवाच निघायला लागली. दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला आणि म्हणाले, "कंट्रोलरसाहेब, तुमी गळ्यातून ओरडता. पोटातून ओरडा. असं." आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी "बुलडाणाऽऽ! बुलडाणा गाडी लागली!" असा आवाज काढला की बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली एक म्हातारी पिशवी उचलून स्टँडकडे निघाली. तिला परत आणायला त्यांना स्वतः रस्त्यावर पळावं लागलं.

त्याच महिन्यात आमच्या मंडळातला मुख्य काम करणारा तलाठी बदली होऊन मेहकरला गेला होता. मी घसा विसरलो आणि तिथंच डॉक्टरांना धरलं. त्यांनी दोन दिवस मागितले. मग दोन अटी घातल्या. दवाखाना एक दिवसही बंद राहणार नाही. आणि पाठांतर ते आपल्या पद्धतीनं, घरी करतील.

एक तर डॉक्टर, त्यात मुसलमान, त्यात मराठी नाटक. तिन्ही बाजूंनी लोक बोलले. डॉक्टर असून तोंडाला रंग फासतो, असं काही जण म्हणाले. भाभींच्या माहेरचे लोक खामगावहून समजावायला आले, जेवले आणि गेले. डॉक्टर कुणाशी भांडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "अहो, पेशंटपुढं मी रोज नाटकच करतो. ज्याले काही नाई झालं त्याची नाडी लय गंभीर तोंड करून पाह्यतो, म्हणजे त्याचं समाधान होते. अन ज्याले लय झालं, त्याच्यापुढं काहीच नाई झालं असं तोंड करतो. तुमच्या नाटकात निदान लोकाईले माईत असते की हे नाटक हाय."

आता त्यांची पाठांतराची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

पहाटेची नमाज झाली की डॉक्टर स्वयंपाकघरात पाटावर बसत. भाभी त्यांच्या डाव्या हाताला, चुलीपाशी, पुढे गॅस आल्यावर ओट्यापाशी. पिठाच्या डब्याला टेकवून नाटकाचं रजिस्टर उभं केलेलं. भाभी भाकरी थापत आणि डॉक्टरांची सोडून बाकी सगळ्यांची वाक्यं वाचत. सासू त्याच, सरपंच त्याच, फौजदार त्याच, नाटकातली बायको तर त्याच त्या. डॉक्टर चहा पीत आपली वाक्यं म्हणत. कुठे अडले तर भाभी पुढचा एखादा शब्द टाकायच्या आणि गाडी चालू व्हायची. साडेसहाला रजिस्टर मिटायचं. मग डॉक्टर दवाखान्यात आणि भाभी शेजारच्या गाळ्यात, त्यांच्या मेडिकलमध्ये. औषधशास्त्राची पदविका होती त्यांची. डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी भिंतीतल्या खिडकीतून सरळ भाभींच्या हातात जायची.

भाभींची शाळा उर्दू. लग्न होऊन आल्या तेव्हा मराठी ओळीखाली बोट ठेवून वाचायच्या. घरात दोघं आपल्या हिंदी-उर्दूत बोलत, मराठी फक्त रजिस्टर उघडलं की. त्यामुळे भाभी मराठी शिकल्या ती थेट नाटकातली. एकदा मेडिकलमध्ये एक शेतकरी घाई करायला लागला तर त्याला म्हणाल्या, "असे उद्विग्न होऊ नका, मी आलेच." तो बाहेर येऊन मला विचारतो, "भाभीनं मले शिवी देल्ली काय हो?" मी म्हटलं, नाही बाबा, माझ्याच नाटकातलं वाक्य दिलं.

प्रयोगाच्या दिवशी मात्र भाभी धाडातच. डॉक्टर नसले तरी दवाखान्याचं दार उघडं आणि दिवा चालू पाहिजे, हा त्यांचा स्वतःचा हट्ट. तापाचं लेकरू आलं तर त्याला पट्टी ठेवायची, जास्त असेल तर जीपमध्ये बसवून बुलडाण्याला पाठवायचं. मी दरवर्षी म्हणायचो, "भाभी, औंदा तरी चला." त्यांचं उत्तर ठरलेलं, "दवाखाना सोडून कसं येऊ?" कधी मुलाची, अनसची परीक्षा असायची, कधी मुलीचं, झेबाचं बाळंतपण. पुढच्या साली नक्की, असं करत सव्वीस वर्षं गेली. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टर त्याच पाटावर बसून भाभींना सगळा प्रयोग करून दाखवत. टाळी कुठे पडली, हशा कुठे आला, कोणत्या पात्राची मिशी सुटली. भाभींचं नाटक ते एवढंच.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी 'उद्या पाहुणे येणार' नावाची एकांकिका लिहिली. दादाराव नावाचा म्हातारा. नातीला पाहायला पाहुणे येणार म्हणून घरात धावपळ चालली आहे, आणि त्या गडबडीत हा माणूस आपल्या बायकोला, सुमनला, चाळीस वर्षांत न बोललेलं सगळं बोलून टाकतो. दादाराव डॉक्टरांसाठीच लिहिला होता. सुमन आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या काजल मॅडम.

तालमी शाळेच्या खोलीत, दवाखाना बंद झाल्यावर संध्याकाळी. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर अडायला लागले. अडणं नवीन नव्हतं, अडण्याची तऱ्हा नवीन होती. नट वाक्य विसरला की कावराबावरा होतो, छताकडे बघतो, स्वतःवर चिडतो. डॉक्टर शांत. डावीकडे मान वळवायचे आणि हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत राहायचे. डावीकडे शाळेची भिंत होती. त्यावर फळांचा तक्ता.

मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो. "डॉक्टर, वय झालं असंन तर सांगून टाका! त्या तक्त्यावर काय तुमची वाक्यं लेयली हायेत काय?" पोरं हसली. डॉक्टरही हसले. म्हणाले, "तुमच्या भाभीनं सवय बिघडवली, कंट्रोलरसाहेब. कोणी टोकलं नाही तर माही गाडी निंघत नाई." मी म्हटलं, मग भाभीलेच घेऊन येत जा. ते बोलणं आठवलं की अजून मला स्वतःची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन मी मेडिकलमध्ये गेलो. "भाभी, तुमी म्हणून घेता की नाई? त्याईले एक पान येत नाई."

भाभींना ते लागलं. "असं कसं होईल? घरात एक शब्द नाही चुकत."

"मग मी उद्या पहाटे येतो. पाह्यतो."

गेलो. थंडी मरणाची होती. मला स्टूल दिलं, चहा दिला. डॉक्टर शाल गुंडाळून पाटावर. भाभींनी भाकरी थापायला घेतली आणि सुमनचं वाक्य वाचलं. डॉक्टरांनी आपलं म्हटलं. पुन्हा भाभी, पुन्हा डॉक्टर. चार पानं झाली. खरंच एक शब्द चुकला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी आयुष्यभर गाड्यांच्या वेळा पाहत आलेला माणूस. कोण आधी निघालं आणि कोण मागून, हे मला न बघता कळतं. मी कप खाली ठेवला आणि नीट ऐकायला लागलो.

भाभी सुमनचं वाक्य संपवत आणि त्याच श्वासात डॉक्टरांच्या वाक्याचे पहिले दोन शब्द म्हणत. मग डॉक्टर ते दोन शब्द घेऊन पुढे जात. मध्ये त्यांचा आवाज जरा मंदावला की भाभी पुढचा शब्द टाकत. प्रत्येक वेळी. हात पिठात, नजर तव्यावर, रजिस्टरकडे बघतसुद्धा नव्हत्या.

मी म्हटलं, "भाभी, तुमी त्याईचे शब्द सांगून राह्यल्या."

"नाही तर."

"आता सांगितला. त्याच्या आधी बी सांगितला."

भाभी माझ्याकडे वळल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं तोंड आपोआप चालत होतं. आधी कधीतरी एखादा शब्द द्यावा लागे, मग चार, मग दहा. रोज एवढं एवढं वाढत गेलं. अशा वेगानं वाढलेलं घरच्या माणसाला दिसत नाही.

मी म्हटलं, "एक डाव फक्त सुमनचं वाचा. बाकी तोंड मिटून घ्या."

भाभींनी सुमनचं वाक्य वाचलं आणि ओठ दाबून धरले. डॉक्टरांनी कप हातात घेतला होता. ते भाभींकडे बघून हसले आणि थांबले. आम्हीही थांबलो. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीच काळजी नव्हती, गाडी येईल म्हणून फलाटावर उभ्या माणसाची असते तेवढीसुद्धा नाही. तव्यावरची भाकरी जळायला लागली. धूर झाला, तरी भाभींचा हात उठला नाही. गॅस मीच बंद केला.

आणि मग भाभी नाटकावरून एकदम दुसरीकडेच गेल्या. दवाखान्याच्या भिंतीतल्या त्या खिडकीच्या दिशेनं बघत पुटपुटल्या, "चिठ्ठीयां भी."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. आता त्यांचा चेहरा दवाखान्यातला झाला. पेशंटला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कबसे?"

"बकरीद के पहले से." भाभी रडत नव्हत्या, आवाज मात्र पिठासारखा कोरडा पडला होता. त्यांनी सांगितलं ते असं. चिठ्ठीवर कधी गोळीची ताकद लिहायची राहायची, कधी किती दिवस ते. रुखमाबाईच्या चिठ्ठीवर साखरेची एकच गोळी दोन नावांनी दोनदा लिहिली होती. भाभी प्रत्येक पेशंटला पंचवीस-तीस वर्षं ओळखत होत्या. गर्दीत राहून गेलं असेल म्हणायच्या आणि आपल्या पेनानं भरून टाकायच्या. नवऱ्याची चूक दाखवायची कशाला, दवाखान्याची अब्रू ती आपली अब्रू, असं त्यांचं चालायचं. स्वयंपाकघरात शब्द पुरवले तसेच खिडकीतही पुरवत गेल्या.

"किसीको कुछ हुआ?" डॉक्टरांनी विचारलं.

"नहीं. सब मेरे हाथ से गया."

तेव्हा डॉक्टर रडले. मी त्यांना शंभर वेळा स्टेजवर रडताना पाहिलं होतं, त्याच्याशी या रडण्याचा काही संबंध नव्हता. मग उठून त्यांनी कप विसळला, तोंड धुतलं आणि मला म्हणाले, "कंट्रोलरसाहेब, आजपासून आपली गाडी रद्द. दवाखाना उघडणार नाई."

संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि जे सांगायचं ते सांगितलं. विसरण्याचा आजार, वाढत जाणारा. डॉक्टरांना त्यातलं नवीन काही नव्हतं. परत येताना गाडीत त्यांनी आम्हा दोघांना, पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तसं सांगितलं, "गावाले हे कळू द्यायचं नाई. चौतीस वर्षं लोकाईनं माह्या हातचं औषध घेतलं. आता हे ऐकलं तर प्रत्येक माणूस घरी जाऊन आपल्या गोळ्या पाहीन. मेलेल्याईचे पोरं म्हणतीन, आमच्या बापाले तर चुकीचं देल्लं नसंन? कोणाच्या मनात भेव घालून मले घरी बसाचं नाई." भाभींनी आठ महिन्यांतल्या एकेक पेशंटला फोन लावला. तेव्हा कळलं, काहींनी औषध बाहेरूनही घेतलं होतं. "ती कंपनी बंद झाली, जुनी घेऊन या, बदलून देते," असं सांगून सगळी औषधं परत मागवली, एकेक तपासली. कुणाला इजा झालेली नव्हती. ते पूर्ण होईपर्यंत त्या धड जेवल्या नाहीत.

आणि दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं पाटी लावली. 'डॉक्टर यापुढे फक्त नाटकात काम करणार असल्याने दवाखाना कायमचा बंद.'

गावानं ती पाटी वाचली आणि आग लागली. बाजाराच्या दिवशी पंधरा-वीस माणसं दारात. रुखमाबाई काठी टेकत सर्वांत पुढे. जिचा जीव भाभींच्या पेनानं वाचला होता, ती. "आमी मराव काय, डॉक्टर? तुमी खुशाल नाचा तिकडं थोबाडाले रंग लावून! तुमच्या जिवाले काही वाटत नाई काय?" डॉक्टर ओट्यावर उभे. त्यांनी थोडं खुळचट, थोडं आपल्यातच रमलेल्या माणसाचं हसू चेहऱ्यावर आणलं, हात जोडले आणि म्हणाले, "काय करू बाई, हौस हाय. आता नाई तं कधी?" लोक थुंकून गेले. इतकं चांगलं काम त्यांनी माझ्या एकाही नाटकात केलं नव्हतं. मी खाली गर्दीत उभा होतो आणि माझ्या नावानं शिव्या पडत होत्या त्या मला त्या दिवशी गोड वाटल्या, हे आज कबूल करतो.

अनस पुण्याहून न्यायला आला. डॉक्टर म्हणाले, प्रयोग झाल्यावर पाहू. त्यांना तो एक प्रयोग हवा होता. सहा आठवडे होते. त्यांचं काम दुसऱ्याला देणं मला सोपं होतं, पण ज्या माणसानं गावापुढे नाटकाचं नाव सांगून आपली अब्रू घालवली, त्याला नाटक तरी मिळायला नको? रोज पहाटे मी जायला लागलो. काही दिवशी सगळं यायचं. काही दिवशी दादाराव हे नावसुद्धा नाही.

प्रयोग बुलडाण्याला, एका स्पर्धेत, दुपारी दोनचा. त्या दिवशी भाभी पहिल्यांदा आल्या. दवाखाना सोडून येऊ कसं, हा प्रश्नच उरला नव्हता. मी त्यांना डाव्या बाजूच्या पडद्याआड लोखंडी खुर्ची दिली आणि मांडीवर रजिस्टर. माझी जागा नेहमीसारखी शेवटच्या रांगेमागे.

वीस मिनिटं डॉक्टर सुंदर चालले. मी मनात म्हणत होतो, निघतंय, निघतंय. मग दादारावचं ते मोठं बोलणं आलं. काजल मॅडमनी वाक्य दिलं. डॉक्टर थांबले. मॅडमनी हुशारीनं वाक्य फिरवून पुन्हा दिलं. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते, ही बाई कोण असं. मग डाव्या पडद्याआडून भाभींचा आवाज आला, घरातल्यासारखा, "सुमन, तुझ्या हातचं..."

डॉक्टरांनी मान वळवली. चेहरा उजळला. काजल मॅडमना तिथंच सोडून ते चालत डाव्या कडेला गेले, पडद्यापाशी उभे राहिले आणि आत खुर्चीवर बसलेल्या भाभींना सगळं बोलले.

"सुमन, तुझ्या हातचं मीठ मी चाळीस वर्षं खाल्लं. बरं झालंय, एवढंही कधी म्हटलं नाही. घर मी चालवतो असं मी गावाला सांगत फिरलो. चालवत तू होतीस. मी नुसता घरात होतो."

पूर्ण दीड पान. एक शब्द चुकला नाही, एक शब्द कुणी दिला नाही. पुढचं वाक्य सुमनचं, "आज काय झालंय हो तुम्हाला?" काजल मॅडमनी तोंड उघडलं, तेवढ्यात सवयीनं ते भाभीच बोलल्या. पडद्याआडून. त्यांचा तो थोडा उर्दू वळणाचा मराठी आवाज साऱ्या सभागृहात गेला. डॉक्टरांनी उत्तर दिलं. भाभींनी पुढचं. उरलेलं नाटक त्या दोघांनीच केलं. लोकांना फक्त डॉक्टरांची पाठ दिसत होती आणि न दिसणाऱ्या बाईचा आवाज येत होता. काजल मॅडम शहाणी बाई, ती बाजेवर बसली, पदर डोळ्याला लावला आणि शेवटपर्यंत काही बोलली नाही. माझ्या मंडळात इतका समजूतदार नट दुसरा नाही.

परीक्षक नंतर मला म्हणाले, मुख्य पात्रानं प्रेक्षकांकडे पाठ केली ही ढोबळ चूक आहे, दिग्दर्शकाला कळायला हवं होतं. एरवी मी त्यांची गचांडी धरली असती. म्हटलं, "हो साहेब, चूकच आहे."

परत येताना जीपमध्ये डॉक्टर झोपले होते. मी भाभींना विचारलं, "भाभी, शेवटी पाह्यलं तुमी त्याईचं नाटक. कसं वाटलं?"

भाभींनी डॉक्टरांची शाल नीट केली. "मैं देखीच नहीं, भाईसाब. वो अटक गए तो? नजर पूरा वखत रजिस्टर में थी."

त्याला आता दोन वर्षं झाली. ते पुण्याला गेले नाहीत. भाभींचं मेडिकल चालू आहे, आता दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात. डॉक्टरांच्या हातून एकेक गोष्ट गेली. आधी रस्ते, मग नावं, मग अनस आणि झेबा. पाटी अजून दारावर आहे. पावसानं तिची अक्षरं उडाली आहेत, पण गाव वाचून दाखवतं.

मी रोज पहाटे जातो. भाभी अजूनही डब्याला रजिस्टर टेकवून भाकरी थापतात आणि सुमनची वाक्यं वाचतात. डॉक्टर पाटावर असतात. कधी एखादं उत्तर येतं, बहुतेक वेळा दादारावचंही भाभीच म्हणतात.

परवाची गोष्ट. भाभी वाचत होत्या, डॉक्टर फार लक्ष देऊन ऐकत होते. पान संपलं तसे ते अदबीनं, मराठीत, परक्या बाईशी बोलावं तसे म्हणाले, "बाई, तुमी लय छान वाचता. आमच्या नाटकात काऊन येत नाई?"

भाभींचा हात थापता थापता थांबला.

"आमच्या घरी बी एक हाय," डॉक्टर सांगायला लागले. "अशीच वाचते. तुमच्याहून बी चांगली. पण तिनं माहं एक नाटक पाह्यलं नाई. दवाखाना सोडून येत नाई ती. मी लय वाट पाह्यली. दर डावाले डावीकडं पाह्यचो, आली असंन म्हणून."

मी म्हणणार होतो, आली होती हो डॉक्टर, ती आली होती, तुम्ही तिच्याशीच बोललात सगळं. भाभींनी पिठाचा हात वर करून मला गप्प केलं.

"येईल ती," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "मी सांगते तिला."

"नक्की सांगा," डॉक्टर म्हणाले.

भाभींनी हात पुसला, रजिस्टरचं पान उलटलं आणि सुमनचं पुढचं वाक्य वाचलं.